प्लग काढल्यानंतरचे ४०० व्होल्ट

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांतून फिरताना एखादा वेगळाच गिऱ्हाईक दिसतो. वय पन्नाशी-साठीचे, हातात घडी घातलेला सर्किटचा कागद आणि मागणी नऊ पिनच्या सिरॅमिक सॉकेटची. हे गृहस्थ व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घरी बनवत असतात. लहानपणी घरातला रेडिओ तापायला वेळ घेई, मग हळूहळू आवाज उमटे, आणि मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसे. तो आवाज त्यांना पुन्हा हवा असतो. ट्रान्झिस्टरपेक्षा व्हॉल्व्ह खरोखर गोड वाजतो की आठवण गोड असते, हा वाद इथे नको.

छंद उत्तम आहे. हात, डोळे आणि डोके तिन्ही कामात राहतात. पण इतर इलेक्ट्रॉनिक छंदांहून हा एका बाबतीत वेगळा आहे. मोबाइलचा चार्जर ५ व्होल्टचा, मुलांच्या रोबोटचे सर्किट फार तर १२ व्होल्टचे. तिथे चूक झाली तर एखादा सुटा भाग जळतो. व्हॉल्व्हला मात्र ३०० व्होल्टहून अधिक दाब लागतो, आणि हा दाब तयार करतो तो ट्रान्सफॉर्मर. त्याच्या वायरिंगमधली चूक शोधताना माणसाचा हात नेमका त्या दाबाच्या शेजारी असतो.

असा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणू. त्याने सर्किट निवडले आहे ‘मुलार्ड ५-१०’. इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीने १९५०च्या दशकात घरी जोडणी करणाऱ्यांसाठी हे सर्किट प्रसिद्ध केले. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून ५-१०. शेवटचे काम ईएल ८४ या दोन व्हॉल्व्हचे. ट्रान्सफॉर्मर दोन लागतात. एक वीज पुरवणारा मेन्स ट्रान्सफॉर्मर आणि दुसरा व्हॉल्व्ह व स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मेन्स ट्रान्सफॉर्मर त्याला जुना मिळाला आहे, परदेशी बनावटीचा. लेबल कधीच गळून गेलेले, आणि बाहेर आलेल्या वायरींचा नुसता झुबका.

अमेरिकी ट्रान्सफॉर्मरमध्ये रंगांचा एक संकेत असे. प्रायमरी काळी, हाय टेन्शन म्हणजे एच.टी. लाल, तिचा मधला टॅप लाल-पिवळा, व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटची ६.३ व्होल्टची वायर हिरवी. पण ५०-६० वर्षांत रंग उडतात, शिवाय मध्ये कोणी तो पुन्हा गुंडाळून घेतला असेल तर संकेताचा भरवसा नाही. म्हणून पहिली तपासणी मल्टिमीटरने, ओहममध्ये. फिलॅमेंटची गुंडाळी जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, तिचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही आत. एच.टी.ची बारीक तारेची, हजारो वेढ्यांची, तिचा सर्वांत जास्त. प्रायमरी या दोहोंच्या मध्ये. कोणती वायर कोणाची हे यातून कळते. एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे दिशा.

आपल्या गृहस्थाचा घोटाळा तिथेच झाला. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीच्या दोन गुंडाळ्या आहेत, प्रत्येकी ११५ व्होल्टची. अमेरिकेत त्या समांतर जोडायच्या, आपल्याकडे २३० व्होल्टसाठी एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये. एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला तर दोघींचे चुंबकत्व एकमेकांना साथ देते. शेवटाला शेवट जोडला गेला तर ते एकमेकांना खोडते. मग ट्रान्सफॉर्मर हा ट्रान्सफॉर्मर राहतच नाही, नुसती काही ओहमची तार उरते. बटण दाबताच फ्यूज उडतो. ओहममीटरवर दोन्ही जोडण्या अगदी सारख्या दिसतात.

यावरची युक्ती जुनी आणि सुरक्षित आहे. घरातल्या मेन्सला ट्रान्सफॉर्मर जोडायचाच नाही. एका लहान, वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचे ६ व्होल्ट ए.सी. प्रायमरीच्या एका गुंडाळीला द्यायचे. मग दोन्ही गुंडाळ्या सिरीजमध्ये जोडून बाहेरच्या दोन टोकांवर मोजायचे. साधारण १२ व्होल्ट आले तर जोडणी बरोबर, शून्य आले तर उलटी. याच वेळी एच.टी.ची टोकेही तपासता येतात. ३००-०-३०० व्होल्टच्या गुंडाळीवर मधल्या टॅपपासून दोन्ही बाजूंना सुमारे १६ व्होल्ट दिसले पाहिजेत.

इथे एक सापळा आहे. हेच ६ व्होल्ट चुकून ६.३ व्होल्टच्या फिलॅमेंटच्या गुंडाळीला दिले, तर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो. एच.टी.च्या दोन टोकांमध्ये ५७० व्होल्टच्या आसपास उभे राहतात आणि प्रायमरीच्या उघड्या वायरींवर घरातल्या विजेएवढा दाब. ‘सहाच व्होल्ट आहेत’ म्हणून वायरी चिमटीत धरलेल्या माणसाला हा धक्का कुठून आला ते समजतही नाही.

जोडणी दुरुस्त झाल्यावर मेन्स देताना जुने मेकॅनिक मध्ये सिरीज बल्ब लावतात. १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवलेले असताना बल्ब क्षणभर उजळून मंद झाला की ट्रान्सफॉर्मर ठीक. उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. अतिशय चांगली पद्धत. पण हौशी मंडळींचा एक गैरसमज असा, की सिरीज बल्ब लावला म्हणजे आपणही सुरक्षित. १०० वॅटचा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर, म्हणजे ४०० मिलिअँपिअर करंट जाऊ देतो. तो ट्रान्सफॉर्मरला वाचवतो. माणसाला वाचवायला तो फार मोठा आहे.

किती मोठा, ते शरीराच्या बाजूने पाहावे लागेल. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा १ मिलिअँपिअर करंट मुंग्यांसारखा जाणवतो. १० ते १६ मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही, कारण मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्यांपेक्षा बलवान असतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर ही मर्यादा मोजली. पुरुषांत ती सरासरी १६, तर स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर आली. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर गेले तर हृदयाचे स्नायू तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदय थांबलेले नसते, पण रक्त पुढे जात नाही. डी.सी.साठी ही मर्यादा काहीशी वरची आहे, एवढाच दिलासा.

आता घामेजलेल्या दोन हातांमधला शरीराचा रेझिस्टन्स हजार-दीड हजार ओहम धरला आणि एच.टी. ३२० व्होल्ट, तर करंट २०० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. मार्ग एका हातातून दुसऱ्या हाताकडे, बरोबर छातीतून. जुने रेडिओ मेकॅनिक एक हात खिशात घालून तपासणी करत. त्यामागे शरीरशास्त्राचे पुस्तक नव्हते, पण हिशेब हाच होता.

घरातल्या डीबीमध्ये आरसीसीबी बसवला आहे, लोक अजून त्याला ईएलसीबी म्हणतात, तो ३० मिलिअँपिअरला ट्रिप होतो, मग काय काळजी? हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर फार कमी जणांना ठाऊक असते. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल यांमधला फरक मोजतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर धक्का बसला तर करंट सेकंडरीतून निघतो, शरीरातून जातो आणि सेकंडरीतच परततो. फेज-न्यूट्रलच्या हिशेबात फरक पडतच नाही. आरसीसीबी शांत राहतो. तो उपयोगी आहे तो प्रायमरीचा चॅसीशी संपर्क आला तर, आणि त्यासाठी चॅसीला अर्थिंग हवे. काही मंडळी गुणगुण कमी व्हावी म्हणून प्लगची अर्थची पिनच तोडून टाकतात. गुणगुण कमी होतेही. मग एखाद्या दिवशी प्रायमरीचे इन्सुलेशन गेले की अख्खी चॅसी जिवंत होते.

आणि मग कंडेन्सर. वाचणाऱ्याने बाकी सगळे विसरले तरी हे लक्षात ठेवावे. सर्किटमध्ये सगळे व्हॉल्व्ह बसलेले आणि तापलेले असतील, तर वीज बंद केल्यावर ते साठलेला चार्ज काही सेकंदांत पिऊन टाकतात. पण बिघाड शोधताना माणूस नेमके आउटपुटचे व्हॉल्व्ह काढून ठेवतो आणि रेक्टिफायर तेवढा ठेवतो. आता करंट घेणारे कोणी नाही. ३०० व्होल्ट ए.सी.चा शिखरबिंदू ४२४ व्होल्ट, तिथपर्यंत कंडेन्सर भरतो आणि प्लग काढल्यावरही भरलेलाच राहतो, कधी कधी तासन् तास. एकूण १०० मायक्रोफॅरड असतील तर सुमारे ९ जूल ऊर्जा. बल्ब विझलेला, प्लग हातात, व्हॉल्व्ह थंड, कुठेही आवाज नाही. असा धक्का बहुतेक वेळा जीव घेत नाही, पण खात्री कोणी देऊ नये. शिवाय हात झटकला जाऊन तो तापलेल्या सोल्डरिंग आयर्नवर जातो, माणूस स्टुलावरून मागे पडतो, डोके फुटते.

उपाय काही रुपयांचा आहे. कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा सोल्डर करून टाकायचा. दोन मिनिटांत चार्ज उतरतो. तरीही हात घालण्यापूर्वी मीटर लावून पाहायचे, कारण रेझिस्टरही कधी तुटतो. काही जण स्क्रूड्रायव्हरने टोके शॉर्ट करून ठिणगी काढतात. त्यात मर्दुमकी काही नाही, कंडेन्सर खराब होतो आणि धातूचे कण डोळ्यांकडे उडतात.

गंमत अशी, की ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कंडेन्सर ही तीच मांडणी दवाखान्यात जीव वाचवते. लहान धक्क्याने हृदयाची थरथर सुरू होते आणि मोठ्या धक्क्याने थांबवता येते, हे जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत १८९९ मध्ये दाखवले. १९४७ मध्ये क्लीव्हलंडला क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय उघड्या छातीतून धक्का देऊन पुन्हा चालू केले. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता, बाहेरून ए.सी.चा धक्का देऊन ते साधले. १९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी ए.सी. सोडून कंडेन्सरमध्ये साठवलेला डी.सी. वापरला. आजचे डिफिब्रिलेटर याच वाटेने आले. ते दीड-दोनशे जूल देतात, पण मोजून, छातीवर ठरलेल्या जागी, काही मिलिसेकंदांत. अँप्लिफायरचे ९ जूल कुठून कुठे जातील ते कोणी ठरवलेले नसते.

धक्का लागलाच आणि माणूस चिकटून राहिला, तर आधी मेन स्विच बंद. त्याला हात लावायचा नाही. सुटल्यावर तो बोलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा आणि छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. काहीच केले नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणूनच असे काम घरात एकट्याने करू नये आणि मेन स्विच कुठे आहे ते दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असावे. धक्क्यानंतर माणूस उठून बसला तरी शुद्ध हरपली असेल, छातीत धडधड वा दुखणे असेल, त्वचा भाजली असेल, हृदयविकार असेल किंवा ती गरोदर स्त्री असेल तर ईसीजी काढायलाच हवा. भाजल्याची खूण टाचणीच्या डोक्याएवढी आणि आतली इजा खोल, असेही होते. लघवी तपकिरी झाली तर स्नायू जळाल्याची शंका घ्यावी.

आपल्या गृहस्थाकडे परत येऊ. फिलॅमेंट पेटले, एच.टी. आली, स्पीकर जोडला आणि अँप्लिफायर किंचाळू लागला. हा आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा घोटाळा. या सर्किटमध्ये आउटपुटचा थोडा भाग मागे नेऊन मूळ सिग्नलमधून वजा करतात. ट्रान्सफॉर्मरची टोके उलटी लागली की वजा होण्याऐवजी तो मिळत जातो आणि शिट्टी सुरू होते. बाजूचे लोक दार वाजवतात, माणूस घाबरतो आणि चालू अँप्लिफायरमध्ये हात घालतो. स्पीकरची वायर उपटण्याचाही मोह होतो, पण स्पीकर नसताना जोरात चाललेल्या अँप्लिफायरमध्ये त्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर दाब चढून तोच जळू शकतो.

त्याने प्लग काढला. दोन मिनिटे थांबून मीटर लावला, दोनएक व्होल्ट उरले होते. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या दोन वायरींची अदलाबदल केली. आता शिट्टी नाही, फक्त बारीकशी गुणगुण. तिचा सूर ५० हर्ट्झचा असेल तर फिलॅमेंटच्या वायरी तपासायच्या, १०० चा असेल तर एच.टी.चे कंडेन्सर. त्यासाठी चॅसी पुन्हा उलटी करावी लागेल, पण ती उद्या.