अंधाऱ्या खोलीत सापडलेले केंद्रक

भरीव गोळ्यापासून सुरुवात

जॉन डाल्टनने १८०८ साली मांडलेला अणू भरीव आणि अविभाज्य होता. रसायनशास्त्राचे हिशेब त्यावर छान जुळत होते. १८९७ मध्ये केंब्रिजच्या जे. जे. थॉमसनला अणूहून कितीतरी हलका, ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन सापडला आणि ‘अविभाज्य’ हे विशेषण निकालात निघाले. १९०४ सालच्या त्याच्या प्रारूपात धनप्रभार गोळाभर पसरलेला आणि इलेक्ट्रॉन त्यात रुतलेले. वर्गात कलिंगडाचा गर आणि बिया म्हणून शिकवतात तेच हे.

मँचेस्टरमधल्या ठिणग्या

हे प्रारूप मोडले ते रुदरफोर्डच्या प्रयोगशाळेत, १९०९ साली. हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन काळोखात बसत, डोळे अंधाराला सरावले की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत. धातूच्या पत्र्यावरून उसळलेला अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी ठिणगी चमके, ती मोजायची. काम कंटाळवाणे, पण निकाल चक्रावून टाकणारा. पसरलेल्या प्रभारातून कण जवळपास सरळ आरपार जायला हवे होते. बहुतेक गेलेही, काही मात्र चक्क माघारी फिरले. पाठ्यपुस्तकांत फक्त सोन्याचा पत्रा येतो, पण ‘आठ हजारांत एक’ हा प्रसिद्ध आकडा प्लॅटिनमच्या पत्र्याचा आहे.

१९११ मध्ये रुदरफोर्डने अर्थ लावला : सगळा धनप्रभार आणि बहुतेक वस्तुमान इवल्याशा केंद्रकात, बाकी अणू जवळजवळ रिकामा.

बोरची तडजोड

पण जुन्या भौतिकशास्त्रानुसार अशा केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा. नील्स बोरने १९१३ मध्ये सरळ नियमच घातला : ठरावीक कक्षांत ऊर्जा बाहेर पडत नाही, वरच्या कक्षेतून खाली उडी मारली तरच प्रकाश. असे का, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. तरीही हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषा नेमक्या जुळल्या. दोन इलेक्ट्रॉनांच्या हीलियमपाशी मात्र गाडी अडली.

कक्षा पुसल्या

१९२४ मध्ये द ब्रॉयने इलेक्ट्रॉनला तरंगरूप दिले, १९२६ मध्ये श्रोडिंगरने त्याचे समीकरण लिहिले आणि बोर्नने त्यातून इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता काढायला शिकवले. रेखीव कक्षा गेल्या. (पुढे हे तरंगरूप प्रयोगाने दाखवल्याबद्दल १९३७ च्या नोबेलचा एक वाटेकरी ठरला तो थॉमसनचाच मुलगा!) केंद्रकातला न्यूट्रॉन चॅडविकला १९३२ मध्ये सापडला.

बोर मात्र पुरता हरला नाही. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती अंतरावर सापडण्याची शक्यता सर्वाधिक, हे श्रोडिंगरच्या समीकरणातून काढले तर उत्तर येते ०.०५३ नॅनोमीटर. बोरच्या पहिल्या कक्षेची त्रिज्या तेवढीच आहे.