पालोमारच्या काचा आणि एबलचं भिंग

कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नाव झालं ते २०० इंची हेल दुर्बिणीचं. तिच्याच शेजारी १९४८ मध्ये उभी राहिलेली ४८ इंची श्मिट दुर्बीण कायम धाकटीच ठरली. पण दीर्घिकांचे समूह आकाशात कुठे कुठे आहेत, याची पहिली भरवशाची मोठी यादी मिळाली ती या धाकटीमुळे. हेलला दूरचं दिसायचं, पण आभाळाचा तुकडा इवलासा. श्मिटच्या एका प्लेटवर साडेसहा अंश लांब आणि तेवढंच रुंद आकाश मावायचं. एका कडेला पौर्णिमेचे तेरा चंद्र ओळीने बसतील एवढं.

ही करामत बर्नहार्ड श्मिट या एकहाती भिंगकाराची. दुसरा हात त्याने पोरवयात बंदुकीच्या दारूच्या स्फोटात गमावला होता. १९३० मध्ये हॅम्बुर्गजवळच्या वेधशाळेत त्याने गोलीय आरशापुढे किंचित वळणदार काच बसवली आणि रुंद, तरीही रेखीव चित्र मिळवलं. फक्त ते उमटायचं फुगीर पृष्ठावर. म्हणून पालोमारला १४ इंची चौरस, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या काचेच्या प्लेटा धारकात दाबून चक्क वाकवाव्या लागत. मग निरीक्षकाने मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून एक तारा जागचा हलू न देता बसायचं. निळ्या प्लेटला दहाएक मिनिटं, तांबड्याला पाऊण तास आणि वरही. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या पैशांवर १९४९ मध्ये सुरू झालेल्या पालोमारच्या आकाश सर्वेक्षणात निळ्या-तांबड्या प्लेटांच्या नऊशेवर जोड्या झाल्या.

जॉर्ज एबल तेव्हा कॅल्टेकचा विद्यार्थी. रात्री प्लेटा घेणाऱ्यांत तो होता, आणि त्याच प्लेटा नंतर भिंगाखाली धरून बसणाराही तोच. प्लेटेवर सगळं उलटं: आकाश फिकं, तारे काळे ठिपके, दूरच्या दीर्घिका म्हणजे विस्कटलेल्या कडांचे डाग. डागांची गर्दी दिसली की समूह, असं म्हणून भागलं नसतं. शोधायला बसलेल्या डोळ्याला गर्दी कुठेही दिसते. एबलने नियम बांधला. अंदाजे अंतरावरून ठरणाऱ्या त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. त्यातली तेजाने तिसरी दीर्घिका घ्यायची. तिच्यापासून तेजाच्या दोन प्रतींनी मंद असलेल्यांपर्यंत मोजत जायचं. किमान पन्नास भरल्या तर समूह. तिसरीच का? पहिली-दुसरी भलत्याच अंतरावरची, वाटेत आलेली परकी असू शकते. १९५८ मध्ये छापलेल्या यादीत २७१२ समूह होते. मला त्या आकड्यापेक्षा नियमाचं मोल जास्त वाटतं. तो होता म्हणून पुढच्या माणसाला एबलशी मुद्देसूद भांडता आलं.

आणि भांडण्याजोगं होतंच. प्लेटेला खोली नसते. एकामागे एक असलेले दोन विरळ समूह तिच्यावर एक दाट समूह होऊन बसतात. पुढे स्लोन या नव्या आकाश सर्वेक्षणाने रंगांवरून ही भेसळ बरीच निवडली, कारण एकाच समूहातल्या म्हाताऱ्या दीर्घिका साधारण एकाच लालसर छटेच्या असतात. क्ष-किरण दुर्बिणींनी समूहात कोंडलेला कोट्यवधी अंश तापमानाचा वायू टिपला. दक्षिण ध्रुवावरची दुर्बीण तर विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणावर त्या वायूने उमटवलेली खूण शोधते. एबलच्या काही नोंदी यात गळाल्या, तरी समूहांची नावं आजही त्याच्या क्रमांकांनी चालतात.

१९५८ च्या यादीसोबतच्या लेखात एबलने आणखी एक गोष्ट मांडली होती: समूहांचेही समूह असावेत. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने पालोमारच्याच प्लेटांवरून आपली वेगळी यादी केली आणि असले महासमूह नाहीतच, असं ठासून सांगितलं. पुढच्या सर्वेक्षणांनी कौल एबलच्या बाजूने दिला. जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह स्लोनच्या नोंदींतून ‘सरस्वती’ हा महासमूह शोधल्याचं जाहीर केलं. तो सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षं दूर, ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला आहे. त्याच्या गाभ्यात बसलेला समूह भिंगवाल्याच्या यादीतलाच: एबल २६३१.