पाळणा हलण्याआधी – भाग ६ : त्याचीही तपासणी, आणि वेळेवर

मागच्या आठवड्यात आपण गर्भनलिकांची एचएसजी तपासणी पाहिली. गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात, ओटीपोटात कळा येतात, आणि बाई दात-ओठ खाऊन ते सोसते. मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे आलेल्या कितीतरी बायकांच्या जाडजूड फायलींत सोनोग्राफी, थायरॉइड, एएमएच, एचएसजी, एखादीच्या तर दुर्बिणीच्या तपासणीचेही कागद असतात. नवऱ्याच्या नावाचा मात्र एकही कागद नसतो. ‘गोड बातमी कधी?’ हेही तिलाच विचारलं जातं. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. वर त्यात वेळ जातो, आणि या बाबतीत वेळ फार मोलाचा असतो.

मूल होण्यात अडचण येणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीने. वीर्यतपासणीला ना सुई लागते, ना भूल. म्हणून वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत, किंवा बायकोचं वय ३५च्या पुढे असून सहा महिने झाले, तर दोघांनी एकदमच तपासणी सुरू करावी. तिचं सगळं आटोपल्यावर त्याचं बघू, हा क्रम चुकीचा आहे.

नमुना देताना होणाऱ्या चुका अगदी साध्या असतात. आधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. ‘साठवलं की ताकद वाढते’ या समजुतीने काही जण महिनाभर थांबतात. त्याने संख्या थोडी वाढलेली दिसते, पण जुने, मंदावलेले आणि मेलेले शुक्राणूही वाढतात. नमुना लॅबने दिलेल्या डबीतच घ्यायचा. तेल, साबण, थुंकी नको, नेहमीचा कंडोमही नको. पहिल्याच थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात, त्यामुळे तेवढा भाग सांडला तर लाज न बाळगता लॅबमध्ये सांगावं. नमुना घरून न्यायचा असेल तर डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून शक्यतो अर्ध्या तासात आणि फार तर तासाभरात पोचवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये. रिपोर्टवर नमुना दिल्याची आणि तपासल्याची वेळ नसेल, तर त्या रिपोर्टवर मी तरी फार विसंबणार नाही.

आता रिपोर्ट वाचू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा आहेत : वीर्य १.४ मिलिलिटर, शुक्राणू दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण संख्या ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के आणि नेटक्या आकाराचे ४ टक्के. या शेवटच्या आकड्याने अनेकांची झोप उडते. ‘९६ टक्के सदोष’ असं छापलेलं वाचून माणूस हबकतो, पण ते नॉर्मलच आहे. हे आकडे काढले कसे, तेही समजून घ्या. वर्षभराच्या आत ज्यांच्या बायकोला दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने तपासले आणि त्यांतले सर्वांत खालचे ५ टक्के जिथे संपतात, तिथे ही रेघ ओढली. म्हणजे रेघेखालचे ते पुरुषही बाप झालेलेच होते. रेघेखाली असलं तर शक्यता कमी होते, संपत नाही. रेघेवर असलं म्हणून खात्रीही मिळत नाही.

एका रिपोर्टवरून निकाल लावू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने आणि बाहेर येण्याच्या वाटेवर आणखी काही दिवस लागतात. आजच्या नमुन्यात गेल्या तीन महिन्यांतलं आयुष्य उतरलेलं असतं. दोन महिन्यांपूर्वी डेंगीचा सणसणीत ताप आला असेल, तर तोही त्यात दिसतो. म्हणून रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. दुसराही तसाच आला तर यूरोलॉजिस्ट किंवा अँड्रोलॉजिस्टने अंगाला हात लावून तपासलं पाहिजे. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या असतील, म्हणजे व्हेरिकोसील असेल, तर तो उभं करून तपासल्यावर हाताला लागतो आणि गरज असल्यास त्यावर शस्त्रक्रिया करता येते. नुसत्या कागदावरून महिनोन्‌महिने व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून देणं म्हणजे उपचार नव्हे.

जिममध्ये जाणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पिळदार अंगासाठी किंवा ‘अशक्तपणा’वर म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली, की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूमच बंद होतो आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही येऊ शकते. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांची संख्या परत येते, पण त्यात कित्येक महिने जातात. डॉक्टरांपासून हे लपवू नका. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू यांचाही हिशेब खरा सांगा.

आणि रिपोर्टमध्ये ‘निल’ आलं तर? तेव्हाही दोन शक्यता असतात. वृषणांत शुक्राणू बनत असतील आणि वाट बंद असेल, किंवा मुळात बनतच नसतील. वृषणांचा आकार, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी, गुणसूत्रांची तपासणी यांवरून हे बरंचसं उलगडतं. वाट बंद असेल तर वृषणातून सुईने शुक्राणू काढून एकेक शुक्राणू एकेका स्त्रीबीजात सोडता येतो. ही इक्सी पद्धत १९९२मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी जगापुढे आणली. दुसऱ्या प्रकारात शस्त्रक्रियेने शोध घेता येतो, पण शुक्राणू सापडतीलच असं नाही. तिथे खोटी आशा दाखवणाऱ्यांपासून सावध राहा.

संख्या कमी आली म्हणजे मर्दपणा कमी, हा समज तर साफ चुकीचा आहे. शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन वृषणांतल्या वेगवेगळ्या पेशी तयार करतात. शुक्राणू शून्य असूनही इच्छा, ताठरता, दाढी-मिशा सगळं व्यवस्थित असू शकतं. नसबंदीनंतरही वीर्य जवळपास तेवढंच येतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो.

हा भाग बायकोने वाचला असेल तर नवऱ्यालाही वाचायला द्यावा. आणि नवऱ्याने वाचला असेल, तर तिच्या पुढच्या तपासणीची तारीख ठरण्याआधी आपली चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. पुढच्या आठवड्यात : आययूआय कुणाला उपयोगी पडतं आणि कुणाला नाही.