पर्यावरण सल्लागार : एक जबाबदारीचा व्यवसाय

एखाद्या गावाजवळ खाण, विमानतळ किंवा मोठा कारखाना उभा राहावयाचा असेल, तर तेथील हवा, विहिरींचे पाणी, शेती, वनसंपदा व लोकजीवन यांवर त्याचा काय परिणाम होईल, याची आधी पाहणी करावी लागते. ही पाहणी करून अहवाल सिद्ध करणारा तज्ज्ञ म्हणजे पर्यावरण सल्लागार. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये २००६ साली निघालेल्या अधिसूचनेने या कामाची रीत घालून दिली आहे.

प्रकल्पस्थळाभोवतालच्या साधारणतः १० किलोमीटर परिसरात हवेतील धूळ, पाणी, माती व आवाज यांची मोजणी केली जाते. वनस्पती व पशुपक्षी यांची नोंद घेतली जाते. ग्रामस्थांच्या उपजीविकेच्या साधनांचीही माहिती गोळा होते. त्यानंतर अहवालाचा मसुदा जनसुनावणीस येतो. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ त्यासाठी किमान ३० दिवसांची पूर्वसूचना देते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. शेतकरी, मच्छीमार व शिक्षक यांचे आक्षेप नोंदविले जातात व अंतिम अहवालात त्यांची दखल घ्यावी लागते.

या अहवालातील उणीव किती महाग पडते, हे गोव्याने अनुभवले आहे. पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळास ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. मात्र १५ किलोमीटर परिघातील वने व संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती अर्जात उघड केलेली नव्हती. या व अन्य त्रुटींमुळे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित करून फेरविचाराचा आदेश दिला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, तेव्हा अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले.

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास पर्यावरणशास्त्र, भूविज्ञान, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र अथवा अभियांत्रिकी यांपैकी एका विषयाचे सखोल ज्ञान हवे. कारण अहवाल हे एकट्याचे काम नसून अनेक विषयांच्या तज्ज्ञांचे असते. सल्लागार संस्थेस भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘नाबेट’ मंडळाची अधिस्वीकृती आवश्यक असते व तज्ज्ञांची पात्रताही तेथे तपासली जाते. प्रारंभीची काही वर्षे तज्ज्ञाच्या हाताखाली, उन्हातान्हात नमुने गोळा करण्यात घालवावी लागतात. ओढा कोणत्या महिन्यात आटतो, हे गावच्या वृद्धास विचारण्याची नम्रताही अंगी असावी लागते.

सल्लागाराचे मानधन प्रकल्पाचा चालक देतो, परंतु त्याच्या अहवालावर विसंबून निर्णय घेते ते शासन, आणि त्या निर्णयाची फळे भोगतो तो गाव. या व्यवसायातील खरी कसोटी येथेच आहे. प्रतिकूल आढळलेली नोंदही जशीच्या तशी मांडण्याचे धैर्य ज्याच्या ठायी आहे, त्याच तरुणाने या क्षेत्रात पाऊल टाकावे. त्याच्या एका प्रामाणिक आकड्याने गावाची विहीर वाचू शकते, आणि प्रकल्पही पुढील कज्जेदलालीतून वाचतो.