करंगळीची तार

2006 सालची वसुबारस. आमच्या नगरच्या घरी (आता अहिल्यानगर म्हणायचं!) चकल्यांचा घाणा चालला होता. कढईला हात केव्हा टेकला, मला कळलंच नाही. "अगं, करपल्याचा वास कसला?" म्हणत सासूबाई धावल्या. पाहते तो करंगळीवर टपोरा फोड, अन् दुखणं मात्र नावाला नाही!

मी ते हसण्यावारी नेलं. पण धुणंभांडी करणाऱ्या मावशी जामखेडकडच्या. त्यांनी माझं कोपर चाचपलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, शीर सुजलीय. दवाखान्यात जा. आमच्या गावच्या आरोग्याच्या बाई असंच बघत्यात."

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. खेड्यातल्या, पुष्कळशा निरक्षर अशा बायकांना त्यांनी आरोग्याचे धडे दिले. कुष्ठरोग ओळखायलाही शिकवलं. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती विद्या अशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचली.

डॉक्टरांनी हातावर चकत्या चिकटवल्या आणि मनगटाशी विजेचा बारीकसा चटका दिला. करंगळी आपोआप उडाली! हुकूम माझा नव्हता, बोट मात्र माझं. मग तोच चटका कोपराच्या खाली, नंतर वर. दोन जागांमधलं अंतर टेपने मोजायचं, संदेशाला लागलेला वेळ यंत्रावर पाहायचा, की वेग निघाला. शाळेतलं गणितच की हो! बेडकाच्या मज्जातंतूतला वेग हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने असाच 1850 साली मोजला होता.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मज्जातंतू म्हणजे टेलिफोनची जाड केबलच. आत हजारो बारीक तंतू. त्यांच्या जुड्या बांधलेल्या, जुडीजुडीला वेष्टन आणि सगळ्यांवर मिळून एक जाड आवरण. पुष्कळशा तंतूंवर चरबीयुक्त पदार्थाचं अस्तर असतं, मध्ये मध्ये खंड असलेलं. संदेश या खंडाखंडांवरून उड्या मारीत जातो, म्हणून तर तो हातात सेकंदाला 50 मीटरहून अधिक, म्हणजे ताशी 180 किलोमीटरहून अधिक धावतो. आपल्या एस्टीने हेवा करावा! माझा संदेश मात्र कोपराशी येताच निम्म्याहून मंदावत होता.

कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ही शीर. तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते, म्हणून गार राहते. कुष्ठरोगाच्या जंतूला गारवा मानवतो, आणि अस्तर घालणाऱ्या पेशींतच तो घर करतो. रक्ताच्या व इतर तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं ठरलं.

त्या रात्री माझं ताट-वाटी वेगळं मांडलं गेलं. सासूबाई वाईट नव्हत्या, वाचकहो. त्यांनी लहानपणी गावाबाहेरच्या झोपड्या पाहिल्या होत्या. हे गप्प. मी उशीत तोंड खुपसून रडले.

सकाळी मावशी आल्या. मी चहा दिला. माझ्याच कपातला चहा त्या सासूबाईंच्या समोर बसून सावकाश प्यायल्या. "गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागण होत नाय, आजी," एवढंच बोलल्या. आमच्या एकाही पुस्तकाला जे जमलं नसतं, ते त्या कपाने केलं. संध्याकाळी माझं ताट सगळ्यांच्या पंगतीत परतलं.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. शिरेची सूज उतरायला वेगळं औषध. बोटांत जोर परत आला. करंगळीची जाणीव मात्र अर्धीच आली. बधिरपणा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाले, तर शीर वाचण्याची आशा पुष्कळ असते. मी तो काळ 'होईल बरं' म्हणत घालवला होता.

2005 च्या डिसेंबरात देशात या रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आलं. पण कमी झालं म्हणजे संपलं नव्हे. तेव्हा यंदा फराळ करताना आपल्या आणि घरच्यांच्या हातांकडे जरा पाहा. भाजल्यावर दुखलं तर देवाचे आभार माना. दुखलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.