चैत्रांतील परसबाग

होळी होऊन जाते, रब्बीचें पीक खळ्यावर येतें, आणि शेतकरी मळणीच्या कामांत गढून जातो. नेमक्या याच दिवसांत घरामागील परसबागेकडे लक्ष देण्यास कोणास सवड नसते. माघांत हौसेनें लावलेले वेल चैत्रांत ऊन तापूं लागतांच माना टाकतात, विहीर खालावते, आणि वैशाखांत पाहुणेमंडळी घरीं आलीं असतां भाजी बाजारांतून आणावी लागते. ही आपत्ति पाण्याच्या तुटीपेक्षां पाणी देण्याच्या पद्धतीमुळेंच बहुधा ओढवते, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हिशेब पाहूं. देशावर चैत्र-वैशाखांत उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून रोज ८ ते १० मिलिमीटर, कोठें कोठें त्याहूनहि अधिक, पाणी वाफ होऊन जातें. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात् सुमारें १०१ चौरस मीटर. एवढी सर्व जमीन ओली ठेवावयाची म्हटल्यास रोज किमान ८०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या पन्नासांहून अधिक बादल्या लागतील. माणसांची व गुरांची तहान भागवून एवढें पाणी उरणें कठीण. परंतु वेल लहान आहेत तोंवर आळ्यांपुरतीच जमीन भिजविली, व ती गुंठ्याच्या पांचव्या हिश्श्याइतकी धरली, तर दहा-अकरा बादल्यांत काम भागतें. पुढें वेल मांडवावर पसरले म्हणजे गरज वाढते. तेव्हां आळीं मोठीं करावीं.

दिलेलें पाणी राखणें हें दुसरें काम. आळ्यांत उंसाचें पाचट, गव्हाचें काड किंवा वाळलेला पालापाचोळा दोन-तीन इंच जाड पसरावा. मात्र तो खोडास भिडूं देऊं नये, व वाळवी दिसल्यास ताबडतोब काढून टाकावा. पाणी पहांटे अथवा सूर्यास्तानंतर द्यावें. रोज वरवर शिंपडण्यापेक्षां एक-दोन दिवसांआड पोटभर दिलेलें बरें, कारण त्यानें मुळें खोल जातात. वेलाशेजारीं पाझरणारें नवें मडकें गळ्यापर्यंत पुरून, पाण्यानें भरून झांकून ठेवल्यास जमीन सुकेल तसतसें पाणी आपोआप झिरपतें. पालेभाजीच्या वाफ्यास पश्चिमेकडून तुराट्यांची ताटी लावावी. न्हाणीचें पाणी केळीस व कर्दळीस द्यावें. साबणाचें पाणी पालेभाजीस देऊं नये.

फुलें येऊं लागलीं म्हणजे पुष्कळांना चिंता पडते कीं, काकडी-दोडक्याचीं फुलें गळतात, फळ धरत नाहीं. यांत घाबरण्याचें कारण नाहीं. या वेलांवर प्रथम नरफुलें येतात व तीं गळणारच. मादीफुलाच्या देठाशीं बारीक फळ असतें, त्यावरून तें ओळखावें. उष्णता वाढली कीं नरफुलांचें प्रमाण वाढतें; म्हणून मादीफूल वायां जाऊं देणें परवडत नाहीं. काकडी, कारलें व लाल भोपळा यांचीं फुलें सकाळीं उमलतात. दुधी व दोडक्याचीं सायंकाळीं. मधमाशा कमी दिसल्यास ताजें नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेच टेकवावा. फुलोऱ्यावर विषारी औषध मुळींच फवारूं नये.

कोंवळ्या रोपांचीं पानें खाणारे तांबडे भुंगे पहांटे सुस्त असतात. तेव्हांच ते वेंचून मारावे. फळमाशीनें डागलेलीं फळें उकिरड्यावर न टाकतां खोल पुरावीं, नाहींतर तींतूनच पुढील पिढी निघते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिंवळ्या पडल्या तर तें झाड उपटून दूर न्यावें. हा रोग पांढऱ्या माशीमुळें पसरतो व रोगी झाड पुन्हां सुधारत नाहीं.

फुलझाडांत या दिवसांचा मान मोगऱ्याचा. माघांत छाटून, कांहीं दिवस पाणी तोडून, मग खत-पाणी दिलेला मोगरा आतां कळ्यांनीं भरतो. त्यास पाण्याचा ताण पडूं देऊं नये. गुलाबाची छाटणी मात्र उन्हाळ्यांत करूं नये. चिनी गुलाब व गलांडा हीं थोड्या पाण्यावर तग धरणारीं असून, देवाच्या परडीस व दाराच्या शोभेस दोन्हींस उपयोगी पडतात.

एवढें करूनहि विहीर आटत चालली, तर सर्वच जगविण्याच्या हट्टांत सर्वच गमावूं नये. डोंगळ्यास आलेली कोथिंबीर, मेथी व मुळा आधीं काढून गुरांपुढें टाकावे. त्यांचें पाणी फळास लागलेल्या वेलांस व भेंडीस द्यावें. गवार सर्वांत काटक. तिला शेवटीं थोडें मिळालें तरी ती निभावते. काय सोडावें हें चैत्रांतच ठरविणाऱ्याच्या घरीं वैशाखांत भाजीची टोपली रिकामी राहत नाहीं.