शनिवार तेल्यांची कबरस्तानं

अलिबागच्या उत्तरेला, थळच्या शेजारी नवगाव आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची कहाणी या गावापासून सुरू होते, आणि ती सुरू होते दफनापासून. समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की दूर देशाहून आलेलं एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. लाटांबरोबर किनाऱ्याला लागलेली प्रेतं नवगावात पुरली, पुरुषांची एकीकडे आणि बायकांची दुसरीकडे. हे केव्हा घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण बेने इस्राएलांनी ही जागा मूळपुरुषांची म्हणून मानली, आणि आज तिथे स्मारकस्तंभ उभा आहे. हायम सॅम्युएल किहिमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर लेखक हयात नव्हते.

वाचलेल्यांचे वंशज कोकणात रुजले. तेलाच्या घाण्यावर पोट भरायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. गावांवरून आडनावं पडली: किहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. याच समाजातल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. कोकणातली सिनेगॉग नंतरची: अलिबागचं १८४८ सालचं, पनवेलचं १८४९ सालचं. गावकरी त्यांना मशीद म्हणत आणि समाजातले लोकही तोच शब्द वापरत. अलिबागेत इस्राएल आळी आजही आहे.

जिथे वस्ती, तिथे कबरस्तान. म्हणूनच रायगड जिल्ह्यात सिनेगॉग मोजकी आणि कबरस्तानं त्याहून कितीतरी जास्त. चार-पाच घरांच्या गावाला प्रार्थनेसाठी शेजारच्या गावी जाता येई, पण मयत दूर नेणं अवघड. शिवाय यहुदी रीतीत शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी, दफन करायचं असतं. प्रेताला स्नान घालतात, साधी पांढरी वस्त्रं चढवतात आणि मातीला देतात. श्रीमंत-गरीब सगळ्यांना तेच कापड.

सर्वांत जुन्या कबरींवर अक्षर नाही, नुसते दगड आहेत. त्या काळी समाज हिब्रू लिपी विसरलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या आणि हिब्रू पुन्हा शिकली गेली. त्यानंतरच्या दगडांवर हिब्रू, मराठी आणि पुढे इंग्रजी अशा तीन भाषा एकाखाली एक दिसू लागतात. वर सहा टोकांची चांदणी, खाली देवनागरीत ‘कै.’ आणि नाव. हिब्रू साल अक्षरांतच कोरलेलं असतं, कारण प्रत्येक हिब्रू अक्षराला अंकाचं मोल आहे. दगडावर बहुधा हजारांचा आकडा सोडून देतात. उरलेल्या अक्षरांची बेरीज करून तीत १२४० मिळवले की इसवी सन निघतो. बेरीज ७०० आली, तर मृत्यू १९३९-४० मधला. एवढं जमलं तरी कोणालाही एका घराण्याचे धागे जुळवता येतात. गावात वस्ती कधीपासून होती, साथीच्या वर्षी किती मुलं गेली, पलटणीत कोण होतं, हे सरकारी दप्तरात सापडत नाही ते इथे सापडतं.

आता कबरस्तानांच्या हलाखीकडे येऊ. १९४८ साली इस्राएल स्थापन झालं तेव्हा बेने इस्राएलांची संख्या २० हजारांच्या घरात होती. त्यातले बहुतेक पुढच्या काही दशकांत तिकडे गेले. त्याआधीच पोटापाण्यासाठी बरीच घरं मुंबई-पुण्याला हलली होती. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात साडेचार हजारांच्या आसपास यहुदी उरले. कबरीवर कद्दीश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या बहुतेक गावांत आज तेवढे जमत नाहीत. दारफाळणीच्या, म्हणजे दारं लावून उपवास करायच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, पितरांची आठवण करायची रीत आहे. ती पाळणारी माणसं आता अश्दोद, दिमोना, लोद अशा शहरांत आहेत.

दुसरी अडचण धर्मनियमाची. यहुदी धर्मात कबरीची जागा मृताची, आणि कायमची. थोडे अपवाद सोडले तर ती उकरायची नाही, तिच्यावर दुसरं दफन करायचं नाही, ती हलवायची नाही. म्हणजे ‘वापरात नाही, तेव्हा दुसरीकडे नेऊ’ हा आपल्या विकास आराखड्यांतला सोपा तोडगा इथे लागू पडत नाही. माणसं गेली तरी जागा मोकळी होत नाही.

कोकणचा पाऊस आपलं काम करतोच. जांभ्याचा गडगा दोन-तीन पावसाळ्यांत ढासळतो, करवंदाच्या जाळ्या आत शिरतात, पिंपळाचं मूळ चौथरा उचलतं, शेवाळाखाली अक्षरं बुजतात. पण खरी धास्ती पावसाची नाही, जमिनीच्या भावाची आहे. अलिबाग तालुका मुंबईकरांच्या बंगल्यांचा झाला. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि गाडीसकट तासाभरात पलीकडे पोचता येऊ लागलं. रस्त्यालगतच्या गुंठ्याला सोन्याचा भाव आला की झाडीत बुडालेल्या, गडगा पडलेल्या जागेवर आधी पायवाट पडते, मग राब टाकला जातो, मग तारेचं कुंपण सरकतं. सातबाऱ्यावर कबरस्तानाची नोंद नसेल, तर पुढचं सगळं सोपं होतं.

युरोपात नाझींनी यहुदी कबरींचे दगड उपटून रस्त्यांना घातले. कोकणात असा द्वेष कधी नव्हता. इथे शेजाऱ्यांनी या लोकांना सामावून घेतलं, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. तो अभिमान खरा ठरवायचा असेल, तर त्यांच्या कबरी हेळसांडीने नाहीशा होऊ देता येणार नाहीत. नाहीतर दोन्हींचा शेवट सारखाच.

हेळसांडीवर उपाय आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. कायदा पुरेसा आहे. भावना दुखावण्याच्या हेतूने दफनभूमीत अतिक्रमण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ प्रमाणे गुन्हा आहे. जागा सार्वजनिक न्यासाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ती विकता येत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला आहे. मात्र कायदा वापरायला आधी कागद लागतो. म्हणून पहिलं काम मोजणीचं: हद्द निश्चित करायची, सातबाऱ्यावर नोंद करून घ्यायची, हद्दीवर गडगा घालायचा.

दुसरं काम नोंदीचं. प्रत्येक दगडाचा फोटो तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी घ्यावा. बुजलेली अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. मराठी मजकूर जसा आहे तसा, शुद्धलेखन न सुधारता उतरवून घ्यावा. दगड ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने घासू नये, अक्षरांत रंग भरू नये. साधं पाणी आणि मऊ कुंचला पुरतो. पडलेला दगड समाजातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय जागचा हलवू नये. हे काम तालुक्याच्या महाविद्यालयातली इतिहासाची मुलं दोन हिवाळ्यांत करू शकतील. ती यादी इस्राएलमधल्या मराठीभाषक कुटुंबांपर्यंत पोचली, तर आजोबांची कबर शोधत येणाऱ्या नातवाला रानात चाचपडावं लागणार नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत अलिबाग-रेवदंड्याकडे जाणाऱ्यांना एक विनंती. किनारा आणि किल्ला पाहून झाला की गावातल्या जुन्या माणसाला विचारा, शनिवार तेल्यांचं कबरस्तान कुठे आहे? ते सापडलं तर तलाठी कार्यालयात जा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर आहे का, एवढंच विचारा. बाहेरून आलेला माणूस हा प्रश्न विचारतो, हे कळल्यावर त्या जागेकडे गावाचंही लक्ष जाईल.